उपयोगिता प्रमाणपत्र

कॉलेजच्या हिशेबखात्यात माझं टेबल
पंख्यापासून मुद्दाम लांब ठेवलंय, कागद उडू नयेत म्हणून.
एकतीस वर्षं खिडकीतून सावद्याची केळी बघतो,
म्हणजे ट्रक बघतो. केळी पाल्याखाली.

प्रकल्प मंजूर झाला त्या दिवशी
फिरके मॅडमनी टेबलावर पान आणून ठेवलं.
पिवळ्या रेघांचं, कडा मुडपलेलं.
"आपल्याकडे याला हरण्या म्हणतात, भाऊ.
मंजुरीच्या पत्रात याचं नाव दीड ओळ आहे."
मी विचारलं, खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकू?

पहिल्या हप्त्यात फ्रीजर आला.
नारळ मी फोडला, खोबरं सिकंदर तडवीनं वाटलं.
मावा पकडायच्या चिकट पट्ट्या आल्या,
मग निंभोरा, चिनावल, ऐनपूर,
एकेक गाव बोटभर नळीत
मुंगीएवढ्या अक्षरांत बंद झालं.

दुसरा हप्ता अठ्ठावीस मार्चला, संध्याकाळी पाच दहाला.
एकतीसपर्यंत खर्च करा, नाहीतर परत पाठवा.
मध्ये रविवार.
संशोधन हळू चालतं म्हणतात.
मी ते जळगावच्या दुकानांतून पळताना पाहिलं,
तीन-तीन कोटेशनं छातीशी धरून.
हवं होतं ते रसायन यायला दीड महिना,
मिळालं ते काचसामान.
खोक्यातच आहे अजून, पेंढ्यासकट.

तिसरा हप्ता 'प्रक्रियेत'.
हा शब्द दोन वर्षं माझ्या फायलीत
कैरीच्या फोडीसारखा मुरतोय.

मे महिना, सत्तेचाळीस अंश, वीज गेली.
नऊ तास.
जनरेटर परीक्षेच्या हॉलला.
सिकंदरनं मासळीबाजारातून बर्फ आणला,
सायकलवर, गोणपाटात, भुसा लावून. सहा खेपा.
मॅडम फ्रीजरला पाठ लावून जमिनीवर बसलेल्या,
प्राचार्य आले तरी उठल्या नाहीत.
"दार उघडू नका," एवढंच.
नळ्या वाचल्या. सगळ्या नाहीत.
चिनावल गेलं.

लेखापरीक्षण. आक्षेप क्रमांक सात :
बर्फ, रुपये नऊशे साठ. पावती नाही.
वस्तू साठा नोंदवहीत दाखवावी.
मी बर्फवाल्याकडे गेलो. म्हटलं, काहीतरी लिहून दे बाबा.
तो हसला. "सही मले येते, भाऊसाहेब,
पन लिहू काय? बर्फाचं त पानी झालं."

नऊशे साठ मी भरले. कुठून, ते नोंदवलेलं नाही.
शिल्लक चारशे बारा, त्यावर व्याज सदतीस,
परत पाठवायच्या ड्राफ्टचं कमिशन एकोणसाठ.
मग खाली तेच वाक्य,
खुर्च्यांसाठी लिहिलेलं, कुंपणासाठी लिहिलेलं,
परिसंवादाच्या चहासाठी लिहिलेलं :
प्रमाणित करण्यात येते की, सदर रक्कम
ज्या कारणासाठी मंजूर झाली
त्याच कारणासाठी वापरण्यात आली.
पहिल्यांदा ते लिहून झाल्यावर
मी परत वाचलं.

प्रकल्प संपला. कागदावर.
पौषात ऐनपूरची एक बाई स्कूटीवरून आली,
पिशवीत पान, चेहरा उतरलेला.
विचारत विचारत माझ्याच टेबलाशी.
मॅडमना बोलावलं. तास सोडून आल्या, हाताला खडू.
पान उजेडात धरलं,
उलटं केलं,
नखानं शिरेवरून एक रेघ ओढली.
"हरण्या नाही हो ताई. चरका आहे, थंडीचा.
नवं पान चांगलं येईल. उपटू नका."

दहा सेकंद लागले असतील.
त्यांच्यामागे चार वर्षं, एक फ्रीजर,
सहा खेपा बर्फ, आणि चिनावल.

बाई पदराला हात पुसत म्हणाली,
"फी काय द्यायची, साहेब?"
मी सवयीनं पावतीपुस्तक उघडलं,
कार्बन सरळ केला,
तारीख टाकली,
आणि पेन तसंच हातात.